रोवणी झाल्यावर

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी राग सोड असं आई म्हणते. मला जमत नाही.

त्या वर्षी भाताच्या रोवणीत नर्सबाई थेट शेतातल्या आपल्या बांधीपर्यंत आली होती. माझ्या धाकट्या भावाची गोवराची लस राहिली होती. तुम्ही चिखलातूनच ओरडलात, "सुई लावली का पोरगा तापते. त्याची माय घरी बसन तं रोवणी कोन करन? झाल्यावर पाहू." ती बिचारी समजावत राहिली, "काका, गोवर रोवणीसाठी थांबत नाही." तुम्ही पाठ फिरवलीत. थोड्याच दिवसांत धाकट्याचे डोळे लाल, नाक वाहतंय, आणि आई त्याला मोहाच्या झाडाखाली निजवते आहे, आपल्याकडे रोवायला येणाऱ्या शेजारच्या काकूच्या तान्ह्या पोरीजवळ. मग त्याच्या अंगभर पुरळ उठलं. तुम्ही दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलात, माता आली म्हणून घरातली फोडणी बंद केलीत, दवाखान्याचं नाव काढू दिलं नाहीत.

धाकटा उठून खेळायला लागला, तोवर काकूची पोर गोवराने तापली होती. ती गेली. सहा महिन्यांची होती हो, बाबूजी! गोवराची लस मिळायला नऊ महिने पूर्ण व्हावे लागतात. तिला वाचवायचं तर आजूबाजूच्या आपण सगळ्यांनी लस घ्यायला हवी होती, म्हणजे गोवर तिच्यापर्यंत पोचलाच नसता. आपल्या घरातून तो तिच्याकडे गेला. आणि तुम्ही अंगणात बसून काय म्हणालात? "आपला पोरगा तं वाचला ना." त्या शब्दांची मला आजही चीड येते.

माझी मुलगी नऊ महिन्यांची झाली तीही भर रोवणीत. काकूनेच मला विचारलं, "पोरीले सुई लावली का, बापू? लावून घे. रोवणी होऊन जाईन." गेल्या आठवड्यात लावून आणली. आज ती तापली. साधा ताप आहे, उतरेल, हे नर्सबाईने आधीच सांगितलंय. पण बायको घरी राहिली आणि अर्धी बांधी तशीच पडली.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहितो. आज बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा असताना माझ्याही मनात आलं, रोवणी झाल्यावर नेलं असतं तर बरं झालं असतं. काकू समोरच वाकून रोवत होती.