मेंढरांकडे पाठ

रेणूचे बाबा,

औंढ्याच्या डोंगराकडून काळं आभाळ चढलंय. गेल्या माघात तुम्हाला घेऊन गेलं, अगदी तसंच. रेणू तापानं फणफणलीय, गाव लांब राहिलं, आणि तुमच्या आईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय. मग सांगू कुणाला? रेणूच्या शाळेच्या वहीतलं पान फाडून तुम्हालाच लिहितेय.

खोप मीच बांधली. बांधाला तुराट्या टेकवल्या, वर ताडपत्री, तिच्यावर पळसाच्या फांद्या, कडेनं दगड. खाली वाळलं गवत जाडसर अंथरलं. आम्ही तिघी दाटीवाटीनं मावू एवढीच ठेवली. मोठी खोप ऊब धरत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं ना?

पण खोपीचं तोंड मेंढरं कोंडायच्या जाळीकडेच ठेवायचं, हेही तुम्हीच शिकवलं. धनगरानं कळपाकडे पाठ करायची नाही म्हणायचात. खाली ओढा, म्हणून जाळी वरच्या अंगाला, आणि वारा नेमका तिकडूनच. माघातल्या त्या दिवशीही गारांनी भिजलेले तुम्ही खोपीच्या तशाच तोंडात बसून राहिलात. मी म्हटलं, तोंड फिरवू. तर म्हणालात, "न्हाई, मेंढरं बिथरतील. मला काई होत न्हाई." ओठ निळे पडले होते हो तुमचे! मेंढरं सगळी वाचली. कुणासाठी वाचवलीत? बाबा आत काहून नाही आला, असं रेणू अजून विचारते. काय सांगू तिला?

आज मी तोंड फिरवलं. वाऱ्याकडे पाठ, म्हणजे मेंढरांकडेही पाठ. आई कडाडल्या, "काहून गं, मेंढरायकडं पाठ करून राहिली? माझ्या लेकाचं जितराब हाय ते."

"व्हय. अन् ही बी त्याचीच पोरगी हाय," मी म्हटलं.

पण आत आल्या. रेणूचे पाय पोटाशी धरून बसल्यात.

गारा सुरू झाल्या. मागं कोकरं ओरडताहेत आणि मला एकही दिसत नाही. उठू का? तुम्ही उठला असता. मी उठायला बघते आणि रेणू पदर सोडत नाही. फार भीती वाटतेय.

रागवा माझ्यावर. पण शब्द देते, मेंढरं कितीही ओरडली तरी उजाडेपर्यंत मी बाहेर पाऊल टाकणार नाही. सकाळी जाळीत किती उभी असतील ठाऊक नाही. तुमची लेक मात्र उबेत घरी नेईन.

तुमच्याच घोंगडीत, तुमच्याच जागी, फक्त तोंड फिरवून बसलेली,
तुमची सखू