मास्तरांचा रविवार

सोमवार, ७ नोव्हेंबर १९३८

मास्तरांनी आज पुन्हा भात करपवला. खालचा काळा, वरचा कच्चा — आणि मधला तेवढा वेचून खात होते. मी दारात दिसलो तसा ताटावर पंचा टाकला. "आज जरा घाईत होतो रे." कसली घाई! रिटायर झालेला माणूस.

भाद्रपदात मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या तेव्हापासून हे असं चाललंय. हाताला चटके, पोटाला उपास. मुलगा नागपूरला. तो या म्हणतो, हे जात नाहीत. लोणावळ्याची हवा मानवते म्हणतात. हवा खाऊन कोणी जगलंय का?

तळेगावच्या हायस्कुलात शेंड्ये मास्तरांनी आम्हाला इंग्रजी आणि भूमिती शिकवली. हेडमास्तर गेले, ड्रॉइंग मास्तर गेले. पाया पडावं असे हे एकटेच उरलेत.

स्टेशनच्या पार्सल ऑफिसात दिवसभर उभा होतो. पाय भरून आलेत.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

ड्यूटीवरून तसाच अनंताच्या दवाखान्यात गेलो. आम्ही एका वर्गातले. आता तो डॉक्टर, मी पार्सल क्लार्क, पण मास्तरांचं नाव काढलं की दोघेही अजून सरळ बसतो.

त्यालाच सुचलं — मास्तरांना वार लावायचे! गरीब विद्यार्थ्याला जशी सात घरं सात वारी जेवू घालतात, तसं. गावात त्यांचे विद्यार्थी काही कमी नाहीत.

पण मास्तरांना कळता कामा नये. ते स्वतः पुण्यात वार लावून शिकलेले. वर्गात एकदाच बोलले होते त्याबद्दल. एका घरी त्यांना मुद्दाम शिळं वाढायचे, आणि ते संपेपर्यंत घरातलं कोणीतरी समोर उभं राहायचं. "मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी ठरवलं, उपाशी मरेन पण पुन्हा वाराचं जेवणार नाही." एवढं बोलून फळ्याकडे वळले. बराच वेळ वळलेच नाहीत इकडे.

म्हणजे हे सगळं चोरून करायचं. निस्तरणार कोण? मीच.

शनिवार, १२ नोव्हेंबर

पायाला भिंगरी लागलीय. सहा घरं झाली. प्रत्येकाला वेगळी सबब शिकवली. सोमवारी अनंता — प्रकृतीवर नजर ठेवायची म्हणून. मंगळवारी पोस्टमास्तर, मुलाचं इंग्रजी कच्चं म्हणून. गुरुवारी प्रमोदिनीबाई. ह्या आमच्या शाळेतल्या मोजक्या मुलींपैकी, आता इथे मुलींच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या आईचा गुरुवारी ब्राह्मण जेवू घालायचा नेम आहे म्हणे. नेम कालपासूनचा! शुक्रवार खाणावळवाल्याचा. बुधवार-शनिवारही लागले.

रविवार रिकामा. रविवारी सगळ्यांकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे.

रविवारचं बोलताना अनंताकडे जमलेले सगळे एकमेकांकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सगळी घरं ब्राह्मणांची, आम्ही मराठे. मीही रविवार मागितला नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर

मास्तरांना केळी आणि दूध देऊन आलो. दूध चालतं, फळं चालतात.

मुक्ता सकाळपासून भांडी आपटतेय. "समद्या गावात मास्तरांची ताटं मांडून आलात. आपल्या घरात चूल न्हाई व्हय?"

मी मागच्या दारी जाऊन लाकडं फोडली.

रविवार, २० नोव्हेंबर

पहिला आठवडा बरा गेला. मास्तरांच्या तोंडावर जरा तजेला आलाय. मला म्हणाले, "लोणावळ्यातले लोक एकाएकी फार धार्मिक झाले रे, भिमाजी." मी केळी सोलत बसलो.

आज मुक्ता थेटच बोलली. मी विचारत का नाही? ते नाही म्हणतील ही भीती वाटते का?

हो, वाटते. इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो. मी इंग्रजी पाचवीत असताना आबांनी मला शाळेतून काढायचं ठरवलं होतं. भावाला एकट्याला शेत झेपत नव्हतं. मास्तर तळेगावाहून चालत इंदुरीला आले. आमच्या खळ्यात भाताच्या पेंढ्यावर बसले. आबा म्हणाले, न्हाई जमायचं. मास्तर परत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा आबांनीच घोंगडी अंथरली. मॅट्रिकपर्यंत रोज शाळेआधी मला घरी बोलावून शिकवलं, एक पैसा घेतला नाही. आज खुर्चीवर बसून साहेबाशी इंग्रजीत बोलतो, महिन्याला पगार घेतो, ते त्या तीन रविवारांमुळे.

पण त्यांच्या घरात मी ओसरीपर्यंतच. काकू लाडू द्यायच्या, मायेनं द्यायच्या, पण ओसरीवर. आत कधी बोलावलं नाही, मी गेलो नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या खळ्यातही मास्तर दूधच प्यायले होते.

वर्गात त्यांनी जात पाळली नाही. पण वर्ग वेगळा, चूल वेगळी. त्यांनी "नको रे" म्हटलं, अगदी प्रेमानं म्हटलं, तरी मला ते जन्मभर पुरेल. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. मनातले मास्तर आहेत तसे राहू देत.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

नव्याचे नऊ दिवस! पोस्टमास्तरांची बदली झाली. मंगळवार गेला. नवीन घर शोधत बाजारभर फिरलो. प्रत्येकाला मास्तर देवासारखे, आणि प्रत्येकाच्या बायकोला कंबरदुखी.

ताप अंगात आहे. तरी उद्या रात्रपाळी.

बुधवार, ७ डिसेंबर

खाणावळवाला म्हणतो, शुक्रवारी गर्दी असते, मास्तर सावकाश जेवतात, पाट अडकून राहतो. याला मास्तरांनी दोनदा नापास होता होता वाचवलंय!  हुज्जत घालायचं त्राण नव्हतं.

अनंता आता घरी बोलावत नाही, गड्याबरोबर डबा पाठवतो. तो डबा थंडच असतो. प्रमोदिनीबाई तेवढ्या टिकून आहेत. म्हणाल्या, "भिमाजीराव, त्यांना कळलं असेल का हो?" छे, मी म्हटलं. कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पाण्यालाही शिवलं नसतं.

घरी आलो तर मुक्ताने भांडीही आपटली नाहीत. भांडण परवडलं.

गुरुवार, १५ डिसेंबर

अनंताकडे जमलो. तो म्हणाला, असं किती दिवस? मुलाला तार करू, येऊन नागपूरला घेऊन जाईल. मास्तर ऐकणार नाहीत, पण सगळ्यांनी मिळून सांगितलं तर ऐकतील.

नागपूरचा उन्हाळा. अनोळखी गाव. ते तिथे वर्ष काढणार नाहीत, हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. डॉक्टरला तर होतंच. प्रमोदिनीबाई डोळ्याला पदर लावून बसल्या.

मी हो म्हटलं. दमलो. खरंच दमलो! गुरूचं ऋण फेडायला निघालेला माणूस पाच आठवड्यांत ढेपाळला. मास्तर आबांपुढे तिसऱ्यांदा आले होते. मला एकदाही तोंड उघडवत नाही.

त्यांना सांगायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी बरोबर बघितलं!

शनिवार, १७ डिसेंबर

मुक्ताला सांगितलं, उद्या मास्तरांना नागपूरचं बोलायचंय. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"म्हातारं माणूस गाव सोडून जातंय ते चाललं. पर आपल्या घरात जेवलेलं चालायचं न्हाई, असं त्यांनी सांगितलंय का तुमी ठरवलंय?"

मी ठरवलंय. हे इथेच लिहितो. निजतो आता.

रविवार, १८ डिसेंबर

मी केळी घेऊन निघणार, तोच मास्तर दारात. बोलावलं नव्हतं, काही नव्हतं. चढण चढून धाप लागलेली. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ मुक्ताला म्हणाले, "बाई, मी गरीब विद्यार्थी आहे. सहा वार लागले होते. महिनाभर वाट पाहिली, पण हा तुमचा नवरा काही विचारीना. रविवारी तुमच्याकडे वार लागेल का?"

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, आणि तरी ते वाराचं जेवत होते!

मुक्ता म्हणाली, "लागंल की. मार्गेसराचा म्हैना हाय, घरात मटण-वशाट न्हाई. पाय धुवा, मास्तर, आन् आत या."

चुलीपुढे पाट मांडला. तांदळाची भाकरी आणि वांगं. मास्तर मान खाली घालून जेवले, आणि तिसरी भाकरी मागून घेतली. नागपूरचं मी बोललो नाही.