दर्भाचा कावळा

मुरूड,
१७ जानेवारी २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. ट्रक गॅरेजमधून आला. तुझ्या वहिनीने सुकट भरून ठेवलीय, पण बंगळुरूला पाठवायची म्हटलं की वासानेच कुरिअरवाला नाक मुरडतो.

तुझ्या फोनचं उत्तर मी टाळतोय, हे तुला कळलंच असेल. आईच्या रक्तापासून तुम्ही हृदयाच्या पेशी वाढवल्या, त्या वर अंतराळस्थानकात डब्यात जिवंत आहेत. आई गेली, म्हणून आता घरच्या मोठ्याने लिहून द्यायचं, चालू ठेवायच्या की बंद करायच्या. सोमवारपर्यंत उत्तर नाही आलं तर डबा बंद. एवढं समजलं मला. ट्रकवाला आहे, ठोंब्या नाही.

दहाव्याला तू नव्हतीस. त्याच दिवशी त्या पेशींना खाद्य द्यायचं होतं म्हणे. राग आहे माझा, लपवत नाही. हरिहरेश्वरला पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या माडावर नुसते बसून राहिले. घर सांभाळू म्हटलं, मृणालीला अंतर देणार नाही म्हटलं. एक खाली येईना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मग बुधाजीकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरा, तिचा जीव वर डब्यान अडकलाय. डबा बंद करतो म्हन, कावला लगेच येल."

मामी रडायलाच लागली. "बोल ना रं. मोकली कर तिला."

मी हात जोडले आणि पुन्हा घर सांभाळू एवढंच म्हटलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तेव्हापासून काका माझ्याशी बोलत नाहीत. मामी रोज दारात येते, "केलास का रं बंद?" मलाही धाकधूक वाटते गं. आई खरंच अडकली असेल तर? आपल्या हट्टापायी तिला टांगून ठेवलं असेल तर? याचं उत्तर तुझ्या प्रयोगशाळेत नाही, ठाऊक आहे मला.

पण त्या पेशी तू मोबाईलवर दाखवल्या होत्यास. एवढेसे ठिपके, एका ठेक्यात धडधडत होते. आई माझ्या शेजारी बसून बघत होती. "मी हितं बसलेय न माजा कालीज वर फिरतंय!" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

इस्पितळात तिचा हात माझ्या हातात होता. तो गार पडला, तेही माझ्याच हातात. आता पुन्हा मीच लिहून द्यायचं, थांबवा म्हणून? मला नाही जमणार.

आज सकाळी मामीला सांगून टाकलं, डबा बंद केला म्हणून. ती तडक देवळात नारळ फोडून आली आणि काका चहाला आले. आता या गावात मला याच खोट्यावर दिवस काढायचेत. तू आलीस की तूही तेच सांग.

पत्राचा फोटो पाठवतोय. तुझ्या साहेबांना फक्त पुढची ओळ दाखव.

आईच्या पेशी चालू ठेवाव्यात.

आणि ती अडकलीच असेल, तर ते पाप माझं. तू त्यात नाहीस.

आईला सोडायला तयार नसलेला,
तुझा दादा
विपुल