बाबांची चौतीस मिनिटं

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं. (तुझी फाइल उघडली ती वेळ. लिहून ठेवली आहे.)

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. (एकसष्ट वर्षांचा झालास तरी आशीर्वादच मिळतील, मान हवा असेल तर तशी कामं करावीत.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोला माझं प्रेम सांग, तिचा यात काही दोष नाही.

मी हॉस्टेलवर असताना बाबा पत्राऐवजी कॅसेट पाठवत, हे तुला ठाऊक आहे. (दोन्ही हात घड्याळांत गुंतलेले, म्हणून दुकानात काम करता करताच बोलत.) त्यातली एकच उरली, नव्वद मिनिटांची. माझा टेप कधीच बंद पडला, म्हणून ती कंप्युटरवर उतरवायला तुझ्याकडे दिली. तू पाठवलीस छप्पन्न मिनिटांची फाइल! फोन करून विचारलं, तर म्हणे, ‘‘अगं ताई, नुसतं बोलणंच तर आहे, फाइल लहान व्हावी म्हणून सोळाच्या बिटरेटवर बसवलं. आणि मधली शांतता काढून टाकली. तुझा वेळ वाचला की नाही?’’ निवृत्त बाईचा वेळ वाचवून तू त्याचं काय करणार होतास?

बाबा एक स्क्रू बसेपर्यंत गप्प राहायचे, मग पुढचं वाक्य. आता ते मागे कुत्रं लागल्यासारखे बोलतात. अभ्यास कर दूध पी मावशीला उलट टपाली लिही, सगळं एका दमात. आवाज तर बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. आमच्या शाळेतल्या सिस्टर कडक होत्या, पण श्रुतलेखनात दोन वाक्यांमध्ये श्वास घेऊ देत. तू सख्ख्या बापाला तोही घेऊ दिला नाहीस.

कोपऱ्यावरच्या रेकॉर्डिंगवाल्याला फाइल ऐकवली. तो म्हणाला, ‘‘आजी, बोलण्याला एकच चॅनल पुरे, पण बिटरेट चौसष्ट तरी ठेवायचा, नाहीतर आवाज मरतो. आणि शांततेला हात लावायचा नाही.’’ (‘आजी’बद्दल त्याला वेगळं सुनावलं.) या लहान फाइलीची मोठी केली तरी गेलेलं परत येत नाही, पुन्हा मूळ कॅसेटवरूनच उतरवावं लागतं, हेही त्यानेच सांगितलं. आणि तू फोन ठेवता ठेवता म्हणालास की महिनाअखेर कॅसेट भंगारात देणार! ती दिलीस तर या घरात पाऊल टाकू नकोस.

तुझी,
ताई

ता.क. ‘‘लहान कर, माझ्या फोनमध्ये जागा नाही,’’ असं मीच बजावलं होतं. तुला आठवत असेल तर उत्तरात उल्लेख करू नये. ती जागा तुझ्या रोजच्या सुप्रभातच्या फुलांनी खाल्ली आहे.

आणखी एक. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी बाबा थांबतात आणि लांबून, दुकानाच्या दारातून, आई हळूच म्हणते, ‘‘तिला विचारा, अजून रडते का.’’ बाबा बराच वेळ काही बोलत नाहीत, मग विचारतात, परीक्षा कधी आहे. तुझ्या फाइलीत नुसती परीक्षा उरली आहे. आईचा आवाज तुझ्या यंत्राने शांतता म्हणून कापला. तो आपल्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. तू तर तो विसरलाही असशील. पुन्हा उतरवताना कान लावून ऐक.

कॅसेट हातात आहे, एवढं शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव.