पाठवायचं बटण

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी वंदना आटोपली आणि चहाआधीच लेकीच्या, धम्मशीलाच्या, संगणकाला माझा जुना लॅपटॉप जोडला. पोरीला दिसत नाही. पडद्यावर काय आहे ते वाचक-प्रोग्राम तिला बोलून दाखवतो. पण पत्र लिहायचा प्रोग्राम मी केलेला, आणि त्याच्या चारही बटणांवर वाचक नुसतं ‘बटण’ म्हणतो! आजवर पाठवायचं बटण मीच दाबून देत आलो. काल म्हणाली, ‘‘हे पत्र मीच पाठवीन बाबा. पण कोणतं पाठवाचं अन् कोणतं पुसाचं, मले कसं समजन?’’

डी-बस मॉनिटर लावला. एक प्रोग्राम दुसऱ्याला जे निरोप धाडतो ते माझ्या लॅपटॉपवर ओळीओळीनं सरकत जातात. तिला म्हटलं, तू तुझं काम कर, मी बटणं पाहतो.

नांदुऱ्याच्या दुकानात कामाला जायची बस चुकली, पण दोष सापडला. वाचक बटणाला नाव विचारतो, उत्तर रिकामं येतं. नावाच्या जागी मी चित्रं लावली होती. कागदी विमान, कचरापेटी — तिच्यासाठी!

ओळी सरकतच होत्या. मध्येच मराठी अक्षरं येऊ लागली. ती आतल्या खोलीत टाइप करत होती, ते वाचकाकडे जाताना इथे दिसत होतं. ‘नोकरी दिल्याबद्दल आभार. नागपूरला येऊ शकत नाही. आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत...’

मॉनिटर बंद केला. वाचून झालं होतं.

नागपूरच्या नोकरीबद्दल मला तर म्हणाली होती, ‘‘नाही घेतलं त्याइनं मले.’’

बुधवार, ५ नोव्हेंबर

‘न दिलेलं घेणार नाही’ असं रोज सकाळी पंचशिलात म्हणतो. काल घेतलंच.

दुरुस्ती चार ओळींची आहे. केली की तिचा नकार जाणार. ‘‘झालं का बाबा?’’ ‘‘पाहून राह्यलो.’’ हे खोटं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजही नाही केली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जेवताना सांगून टाकलं. ‘‘बेटा, तुह्यं पत्र मले दिसलं.’’

तिचा हात ताटातच थांबला. ‘‘बटणं पाहतो म्हणले होते ना तुमी?’’

‘‘हाव. चुकलं माह्यं. पण माह्यासाठी नाही म्हणू नको.’’

‘‘आई गेल्यावर महिनाभर कोनाशी बोलले नाही तुमी. पुन्हा तसंच करसान.’’

‘‘नाही करणार.’’

‘‘तुमच्या म्हणण्यावर भरवसा ठेवू? बटणासारखा?’’ उठून गेली.

ठरवलं. तिचा नकार असला तरी तो तिच्याच हातानं जावा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी बटणांना नावं दिली. मॉनिटर लावला नाही. ‘‘झालं. काय पाठवाचं ते तुह्यं तू ठरव,’’ म्हटलं आणि दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो.

आतून यंत्राचा आवाज आला — ‘पुसा’. मग बराच वेळ कीबोर्डची टकटक. मग ‘पाठवा’.

ती चौकट धरून दारात उभी राहिली. ‘‘बाबा, वरणाले फोडणी देता येते का तुमाले?’’