ट्यूबचं मोकळं टोक

३ मार्च
ती. दादास, सा. न.
बाबा जाऊन दीड महिना झाला, पण आई अजून त्यांच्या बुकबाइंडिंगच्या तळघरातच बसून असते. ओलीमुळे वायरमनने तिथली वीज तोडलीय, म्हणजे भर दुपारी मिट्ट काळोख! वर येत नाही, धड जेवत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंथरूण धरतील. मला फार भीती वाटते रे. निदान तिथे उजेड तरी करू दे. तू रेडिओ दुरुस्त करणारा मोठा शहाणा, काहीतरी सुचव.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ मार्च
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
एक ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, आतला छोटा सुटा भाग) आणि मी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर एका डबीत जोडून पाठवलाय, त्याने बॅटरीच्या विजेचा दाब खूप वाढतो. डबीला स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी जोड. लाल वायर अधिकला, काळी उणेला. उलटं केलंस तर सगळं जळेल, मग माझ्या नावाने शंख करू नकोस. उडालेली जुनी ट्यूबही चालेल. तिच्या एकाच टोकाला डबीतून निघालेली तिसरी वायर लाव, दुसरं मोकळं ठेव. ती अर्धीच पेटेल. काचेवर हात ठेवलास की उजेड हातापर्यंत सरकेल, कारण वीज अंगातून वाट काढते. घाबरू नकोस, रबरी चप्पल घाल.
आईला जप, स्वतःलाही.
दादा

१८ मार्च
ती. दादास, सा. न.
पेटली! आईने काचेवरून बोट फिरवलं, उजेड बोटामागे धावला आणि बाई चक्क हसली. पण परवापासून कुणी हात न लावता ट्यूब पूर्ण पेटतेय. मोकळं टोक बाबांच्या स्टुलापाशी आहे. आई म्हणते, त्यांनी धरलंय. आता तर ती तिथून मुळीच हलत नाही. खाली जाताना माझ्या अंगावर काटा येतो.
उलट टपाली लिही.
धाकटी

२३ मार्च
चि. धाकटीस आशीर्वाद.
अगं वेडे, टोक ओल्या भिंतीला टेकलं असेल. हातभर लांब टांग. सोबत पाठवलेला व्होल्टमीटर बॅटरीला लाव. काटा आठ व्होल्टच्या खाली गेला की ट्यूब पेटणारच नाही. पाच एप्रिलला आईला माझ्याकडे न्यायला येतोय. नाही म्हणाली तर उचलून नेईन.
दादा

२८ मार्च
ती. दादास, सा. न.
हातभर लांब टांगली. काटा सहावर होता, आणि ट्यूब टोकापर्यंत लख्ख.
काल दुपारी आईला जेवायला बोलवायला गेले. ट्यूबवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, किती दिवस धरून उभे राहतील, हात भरून आला असेल त्यांचा. आणि दुसऱ्या हाताने तिनेच बॅटरीची वायर काढली.
उजेड लगेच गेला नाही, दादा. मोकळ्या टोकाकडून हळूहळू मागे सरकला, आईच्या हातापाशी थोडा थांबला, मग विझला. मी किंचाळायचीच बाकी होते. आईने डोळे पुसले, जिना चढून वर आली आणि पोटभर जेवली.
तू ये जरूर. पण न्यायला नको, भेटायला ये.
तुझी धाकटी