कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या

३ फेब्रुवारी, शनिवार

टेबल घेतलं! शाकीरच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात मागं धूळ खात उभं होतं. गोल, वरती पांढरा संगमरवर, पायांना कोरीव पंजे. सोबत वेताच्या बैठकीच्या दोन खुर्च्या. शाकीर म्हणाला, बर्मा सागवान हाय काका, असला माल आता बघायलापण मिळत न्हाय. खुर्ची उचलून बघितली. खुर्ची जागची हलली नाही, कंबर मात्र हलली.

घरी येऊन महानंदाला सांगितलं. कशाला, म्हणाली, कोण येणाराय जेवायला? ‘तू’ असं म्हणणार होतो. बायकोला असलं काही म्हणायची सवय नाही. राहिलं.

४ फेब्रुवारी, रविवार

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा पाय मुडपत नाही. खाली बसता येत नाही. आतल्या खोलीत पलंगावर जेवते — दार लोटून! मी स्वयंपाकघरात खाली, एकटा. अर्धी भाकरी झाली की आतून आवाज येतो, ‘साकु.’ माहेर अक्कलकोटचं, पुरे म्हणायचं ते कानडीतच. पूर्वी दीड भाकरी सहज खायची. आता बांगड्या कोपरापर्यंत चढतात. डॉक्टर म्हणतात, अन्न पोटात गेलं तरच अंगात ताकद येईल. हात कसा आहे विचारलं की बरा आहे म्हणते.

मला डॉक्टरांएवढं कळत नाही. पण माझ्या शेजारी बसली तर ती जेवेल, एवढं कळतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आलं एकदाचं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात टेम्पो शिरेना, शेवटी हमालांनी खांद्यावर आणलं. सगळी गल्ली बघायला! खिडकीजवळच्या कोपऱ्यात मांडलं. खिडकीकडं तोंड करून एक खुर्ची, समोर दुसरी. अगदी साहेबाच्या बंगल्यातल्यासारखं.

शाकीरची नजर फळीवरच्या अडण्यांवर गेली. हे काय काका, लहान मुलांची स्टुलं? म्हटलं, ताट ठेवायची अडणी आहे. आमच्यात ताट जमिनीला टेकवत नाहीत. एक माझी, एक तिची. लग्नात आलेल्या. मांडायच्या त्या शेजारी शेजारी, भिंतीला पाठ करून. लगेच भाव विचारायला लागला. चहा पाजून वाटेला लावला.

७ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कोपरा सजवला. खुर्च्यांना मेण चोळलं. संगमरवर लिंबानं घासायला निघालो होतो. भाकऱ्या करायला येणाऱ्या रंभाबाईंनी हात धरला, लिंबू दगड खातं म्हणाल्या. थोडक्यात वाचला. माळ्यावरचा पितळी दिवा काढून त्यात पिवळा बल्ब बसवला. संध्याकाळी लावला, तर कोपरा असा काही दिसला की मीच दाराशी जाऊन परत परत आत आलो.

महानंदा काठी टेकत आली. बघितलं. दिव्यावर जळमट राहिलंय, म्हणाली. म्हणजे आवडलं!

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज बसली! मी सवयीनं टेबलावर अडण्या ठेवून वर ताटं मांडली. बसून बघतो तर ताट थेट हनुवटीला. ती हसली. उजवीकडचा ओठ उचलत नाही, तरी हसली. किती दिवसांनी!

अडण्या काढल्या. जेवायला लागलो. तिनं दोन घास खाल्ले, पदर तोंडाला लावला. ‘साकु.’ उठून आत गेली.

शेंगाचटणी केली होती मुद्दाम.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दार लोटून.

११ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची उंच असेल म्हणून पायाखाली पाट दिला. बल्ब डोळ्यांवर येत असेल म्हणून दिवा मागं घेतला. तिच्या बैठकीला चादरीची घडी घातली. तरी नाही. अडणीशिवाय ताट नको का, विचारलं. मान हलवली — तसं नाही. मग कसं?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज तोल गेला. एवढं सगळं कुणासाठी मांडलं, म्हणून ओरडलो. तिनं दार उघडलं. पदरावर आमटीचे डाग, ओले आणि वाळलेले.

‘जन्मभर शेजारी बसून जेवलो,’ म्हणाली. ‘तुमी कवा बघितलं का मला खाताना? आता समोर बसून बघताय. हात थरथरतोय माझा. आमटी हनुवटीवर येती. तेच बघायला बसवलंय व्हय मला?’

दार परत लोटलं. मी बाहेर उभा. खरंच की. पंगतीत बायको शेजारी असते. तिच्या हातातल्या बांगड्या ऐकू येतात, तोंड दिसत नाही. आणि मी शहाणा तिला समोर बसवून प्रत्येक घास निरखत होतो, खाल्ला की नाही म्हणून! लाज वाटली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

नोकरी गेली एस.टी.त कंडक्टरकीत, दुसऱ्यांना ‘पुढं सरका’ म्हणत. आज स्वतः सरकलो. रंभाबाईंना हाताशी घेऊन माझी खुर्ची तिच्या शेजारी लावली. दोघांची तोंडं खिडकीकडं.

तिला हाक मारली नाही. दोन ताटं वाढून बसलो. काठीचा आवाज आला. बसली. बोळातल्या कोथिंबीरवालीकडं बघत जेवलो. मी एकदाही मान वळवली नाही, मान आखडली अक्षरशः. शेजारी बांगड्या वाजत होत्या, बराच वेळ.

ताट उचलताना बघितलं. एक भाकरी!

१८ फेब्रुवारी, रविवार

रोज एक. कधी वर चतकोर.

२५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दळण घेऊन आलो तर फरशीवर लांब ओरखडा. तिची खुर्ची टेबलाच्या पलीकडं, माझ्या समोर. रंभाबाई म्हणाल्या, मी न्हाय बाई हात लावला. महानंदा त्या खुर्चीत बसलेली, अजून धापा टाकत.

मी खिडकीबाहेर बघत जेवायला लागलो. तिचा घास सांडला. हनुवटीवर आमटी आली. तिनं पुसली नाही.

‘बाहेर काय बघताय?’ म्हणाली. ‘हिकडं बघा. आन् भाकरी वाढा की.’